आडे बाईंचा खारा वर्ग

आडे बाई रोज सकाळी माशांची हजेरी घेतात.

हे मी गमतीने म्हणत नाही. आंघोळ आटोपली, केस बांधले, चष्मा पदराला पुसला, की बाई काचेच्या टाकीसमोर ताठ उभ्या राहतात आणि आठवीच्या वर्गात पुकारायच्या त्याच आवाजात नावं पुकारतात. "मॉनिटर!" एक केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो. "हजर. मॉनिटरचा नवरा!" मागून तसाच, पण अंगाने अर्धा मासा चोरासारखा येतो. "हजर. हळद्या!" पिवळाजर्द, चपातीसारखा चपटा हळद्या आधीपासूनच पुढे पुढे करत असतो. "हजर. मधे मधे नाचू नको." शेवटी बाई आवाज चढवतात. "गैरहजर!"

कोणी येत नाही. दगडाच्या कपारीत काही हलत नाही. बाई तेवढा वेळ वाट पाहतात आणि मग ठामपणे म्हणतात, "हजर."

गैरहजर हा बोटाएवढा तपकिरी मासा आहे. टाकीत सोडला त्या दिवशी तो कपारीत शिरला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. आमच्या गल्लीत याबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मासा कधीच मेला. दुसरा म्हणतो, मासा नव्हताच. बाईंना दोन्ही मान्य नाही. "पोरगं बाकाखाली लपलं म्हणून त्याचं नाव पटावरून काढत नसतात," असं त्या म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचे दोन गुण कापतात.

गुण कापणे ही बाईंची जुनी सवय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या दारव्ह्यात आजही प्रत्येकाचे गुण त्यांच्या डोक्यात चालू असतात. दूधवाला उणेत आहे. वीज मंडळाचा लाइनमन इतका उणेत आहे की या जन्मी तो पास होणं शक्य नाही.

मी बाईंच्या समोरच्या घरात भाड्याने राहतो. मूळचा बोरी अरबचा. शाळेसाठी जीपच्या मागच्या फळीवर लटकून दारव्ह्याला यायचो आणि बाईंच्या भूगोलाच्या तासाला धुळीने पांढरा होऊन पोचायचो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. आता मी तालुक्याच्या कचेरीत खुर्चीवर बसतो, आणि त्या खुर्चीचे दोन पाय तरी आडे बाईंनी बसवलेले आहेत असं मी मानतो. शाळेत समुद्राचं साधं चित्रही धड नव्हतं. बाईंनी घमेल्यात पाणी घेऊन, त्यात हात हलवून आम्हाला भरती-ओहोटी दाखवली. समुद्र किती लांब आहे, असं मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "जाशील त्या बाजूनं लांबच आहे. आपण देशाच्या पोटात राहतो."

अशा पोटात बाईंनी खाऱ्या पाण्याचे मासे पाळले आहेत. गोड्या पाण्याचे नव्हे. ते कोणीही पाळतं, आमच्या पानठेल्यावरही आहेत. हे खरे समुद्रातले.

ते कसं झालं, तर निवृत्तीनंतर भाच्याने बाईंना मुंबईला नेऊन समुद्र दाखवला. जन्मभर फळ्यावर निळ्या खडूने काढलेला समुद्र पहिल्यांदा समोर आला. भाचा सांगतो, मला वाटलं मावशी आता रडणार. मावशीने थोडा वेळ इकडून तिकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "चल. वर्ग फार मोठा आहे. एवढ्यांकडे लक्ष देता येत नाही." परतताना एका दुकानात काचेची टाकी दिसली. आत हेच केशरी मासे. बाई तिथे दुपारभर उभ्या होत्या. निघताना म्हणाल्या, "हा वर्ग मला जमेल."

टाकी आली, दगड आले, मुंबईहून खास मिठाच्या बादल्या यायला लागल्या. किराणावाला दुखावला. "बाई, खडे मीठ माह्याकडे पोत्यानं पडलं हाय. कायले मुंबईवरून मागवता?" बाई म्हणाल्या, "तुझ्या मिठानं वरण होतं. समुद्र नाही होत. एक गुण कमी."

कोणी फारच खोदून विचारलं, की तांड्यातल्या बाईला हे समुद्राचं खूळ कुठून लागलं, तर बाईंचं उत्तर ठरलेलं असतं. "आमचे आजे-पंजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून याच वाटेनं येत-जात होते. मी त्याच मिठात पाणी टाकलं. यात नवल ते काय?"

बाईंच्या बोलण्याचा एक हिशेब आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. मन ठिकाणावर असलं की बाई पुस्तकातलं मराठी बोलतात. रागावल्या की वऱ्हाडी. आणि जिवावर बेतलं तर तांड्यातली गोरबोली. ती आम्ही शाळेत एकदाच ऐकली होती, वर्गात नाग निघाला तेव्हा.

बाईंच्या बैठकीत पाऊल टाकण्याआधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, तेही साबण न लावता. अत्तर, पावडर लावून आलेला माणूस ओसरीवर थांबतो. आत उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. फोडणीच्या धुराने पाण्यावर तवंग येतो, म्हणून बाई स्वयंपाक मागच्या अंगणात करतात. बैठकीत खुर्ची एकच, बाईंची. बाकीचे सतरंजीवर. पाहुण्याला चहाआधी एक पेला दाखवला जातो, त्यात यंत्राने पाण्यातून काढलेला घाणेरडा तपकिरी फेस असतो. बाई अभिमानाने म्हणतात, "बघा, किती स्वच्छ राहतात!" त्यानंतर बरेच जण चहा घेत नाहीत.

आणि एकदा गजूने बाईंना विचारलं होतं की मॉनिटरचा नवरा एवढा बारका कसा. गजू म्हणजे गजानन, आमच्याच वर्गातला, कूलर आणि मोटरी दुरुस्त करतो. बाईंनी समजावलं, की या जातीत मादी मोठी असते, तीच घराची मालकीण, नर तिच्या धाकात राहतो, समुद्रात हे असंच असतं. गजू विचारात पडला. "बाई," तो म्हणाला, "दारव्ह्यातही असंच असते."

टाकीखालच्या कपाटात मोटर, फेस काढायचं यंत्र आणि पाणी थंड ठेवायचा चिलर. तिथून दिवसरात्र असा घुर्र आवाज येतो, की आमच्या घरमालकाला सुरुवातीला वाटलं बाईंनी पिठाची गिरणी टाकली. उन्हाळ्यात आमच्याकडे सावलीत ठेवलेली बादलीसुद्धा चटका देते. माशांना एवढं गरम चालत नाही, म्हणून त्यांना चिलर. स्वतः बाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात. मी एकदा म्हटलं, बाई, एक कूलर घ्या. त्या म्हणाल्या, "मी काय समुद्रातून आले आहे का?"

आता मागच्या उन्हाळ्यातला तो रविवार सांगतो.

लग्नाच्या भर तिथी होत्या. मी दुपारी जेवायला बसलो होतो. अचानक माझ्या खोलीतली ट्यूबलाइट भर उजेडात सूर्यासारखी पेटली. पंखा असा फिरायला लागला, की आता छत घेऊन उडणार. गल्लीत बायका ओरडल्या, "बंद करा, बंद करा!" आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून फाट्‌कन आवाज होऊन धूर निघाला. सगळं बंद.

लाईट जाणं आम्हाला नवीन नाही. नवीन होती ती समोरच्या घरातली शांतता. घुर्र थांबला होता. मग त्या शांततेतून हाक आली.

"ढोके!"

आठवीत ऐकलेली तीच हाक. मी ताटावरून उठलो. हात धुतले, साबण न लावता.

बैठकीत जळक्या वायरचा वास होता. बाई कपाटासमोर खाली बसल्या होत्या. मोटर गेली होती, चिलर गेला होता, आणि हे सगळं सांभाळायला ठेवलेला इन्व्हर्टर सगळ्यात आधी गेला होता. बॅटरीवर बुडबुडे सोडणारं एक छोटं यंत्र बाईंनी अडीअडचणीसाठी ठेवलेलं. त्याने थोडी घरघर केली आणि मान टाकली.

"ढोके, नीट ऐक," बाई म्हणाल्या. अजून पुस्तकातलंच मराठी होतं, म्हणून मला धीर आला. "मोटर पाणी वर-खाली करते, म्हणून पाण्यात हवा मिसळते. पाणी थांबलं की हवा संपते. गरम झालं की आणखी लवकर संपते. आज दोन्ही झालं आहे. काही केलं नाही, तर दिवस मावळेपर्यंत हा वर्ग राहणार नाही."

टाकीत मॉनिटर जागच्या जागी कल्ले हलवत उभी होती. हळद्यासुद्धा नाचायचा थांबला होता.

बाईंनी माझा फोन मागितला आणि नंबर तोंडपाठ लावला. "गजानन? मोटर जळली. समांतर जोडणी तुला आठवीत समजली नव्हती, तरी दुकान टाकलंस म्हणे. ये." दुसरा लावला. "प्रमोद? झोपला होतास? वर्गातही झोपायचास. ये."

प्रमोदचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, औषधं. तो आमच्यापेक्षा दोन वर्षं पुढचा, पण बाईंचाच विद्यार्थी.

तोवर बाईंनी मला स्टीलचा लोटा दिला. टाकीतून पाणी भरायचं, हात डोक्याच्या वर न्यायचा आणि धार सोडायची. धारेबरोबर हवा पाण्यात जाते. "थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. मी भरलं, ओतलं, भरलं, ओतलं. थोड्याच वेळात माझ्या खांद्याने नोकरीचा राजीनामा दिला.

गजू आला. मोटर उघडायचा प्रयत्न करून, वास घेऊन, कानाशी हलवून म्हणाला, "बाई, हे रिवाइंडिंगचं काम नाही. आत सारं सील हाय. मेली ही."

"मेली म्हणू नको."

"बिघडली."

"हं. नवी?"

"नागपूरहून उद्याच्या गाडीनं येईन."

"उद्याचं उद्या. लोटा घे."

गजूने लोटा घेतला. मग धापा टाकत प्रमोद आला, तोही चेहऱ्यावर मोठा शोध लागल्याचं तेज घेऊन. पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप. आमच्याकडे कपाशीवर मारतात तोच.

"बाई, कायले हातानं धारा सोडता?" तो म्हणाला. "हा पाय. बटन दाबलं का फवारा. पाणी बी हलन, हवा बी जाईन. चार्ज करूनच आणला."

खरं सांगतो, मला आणि गजूलाही ही युक्ती एकदम पटली. आम्ही तिघंही शेतकऱ्यांची पोरं. पाणी उडवायचं म्हटलं की आम्हाला पंपच आठवणार. प्रमोदने नळी टाकीवर धरली. त्याचा अंगठा बटनावर गेला होता, तेवढ्यात बाईंनी नळीचं टोक नाकाशी नेलं.

"काय मारलं होतं यातून?"

"काही नाही न बाई. परवा जराकसं औषध, मावा पडलता भेंडीवर..."

आणि बाई वऱ्हाडीत आल्या. "अबे लेकाच्या! मॉनिटरले फवारून राह्यला का तू? ते काय मावा हाय? तिले काय तुह्या भेंडीवर चढवली का मी?" आणि चाळिशीकडे निघालेल्या, दोन मुलांच्या बापाचा, कृषी केंद्राच्या मालकाचा कान बाईंनी धरला. "आन्‌ ते पाठीवर घेऊन फिरून राह्यला! हात धुतले का तू? सात पाण्यानं धू! पाच गुण कमी!"

"बाई, धुतलता पंप..."

"सहा!"

प्रमोद कान चोळत पंप गल्लीच्या टोकाला ठेवून आला. प्रायश्चित्त म्हणून त्याला बर्फ आणायला पाठवलं. तो हौसेने बर्फाची अख्खी लादी मोटरसायकलवर घालून घेऊन आला आणि टाकीत टाकणार तोच बाई ओरडल्या, की गोडं पाणी आत गेलं तर मीठ कमी होईल, मासे तेही सोसणार नाहीत. मग लादी फोडून, पाण्याच्या बाटल्यांत भरून, झाकणं घट्ट लावून त्या बाटल्या पाण्यात सोडल्या. मॉनिटरच्या नवऱ्याने त्यातल्या एकीला टक्कर दिली. गजू म्हणाला, "घरात चालत नाही त्याचं, म्हून बाटलीवर काढून राह्यला." आम्ही हसलो. बाईही हसल्यासारख्या वाटल्या. वातावरण जरा सैल झालं.

आणि तेव्हाच ते घडलं. लोटा माझ्या हातात होता. मागच्या कपारीतून काहीतरी तपकिरी सरकत बाहेर आलं. बोटाएवढं, डोळे बटनासारखे. ते डगमगत वर आलं.

"गैरहजर!" मी किंचाळलो. "बाई, गैरहजर!"

गजूने शिट्टी वाजवली. प्रमोदने टाळ्या पिटल्या. "जिता हाय बे! जिता हाय!" खिडकीतून डोकावणारी शेजारची मंडळी एकमेकांना हाका मारायला लागली. किराणावाला कोणाशी तरी पैज हरला आणि तरीही आनंदाने ओरडत होता. आमच्या गल्लीत एवढा जल्लोष निवडणुकीच्या निकालालाही झाला नव्हता.

फक्त बाई हसल्या नाहीत. त्यांनी काचेवर हात टेकला. गैरहजर अगदी पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून, भराभर घोट घेत होता.

"याडी ये..." बाई म्हणाल्या.

आमच्या टाळ्या हवेतच राहिल्या. बाई गोरबोलीत आल्या होत्या.

"तो बाहेर येत नसतो," त्या हळू म्हणाल्या. "कपारीत श्वास पुरत नाही, म्हणून आला. आता पाठोपाठ बाकीचे येतील."

बाकीचे आले. हळद्या आला, मग मॉनिटरचा नवरा. सगळे वर, तोंडं उघडी. आम्ही तिघांनी मिळून धारा धरल्या, दोन लोटे आणि एक पातेलं, पण हाताच्या धारेने अख्खी टाकी काही हलत नव्हती. बर्फ वितळत होता. बाटल्या कोमट व्हायला लागल्या होत्या. 

गजू एकदम थांबला. "आपण गाढव हाओत बे," तो म्हणाला. "माह्या दुकानात कूलरचे पंप ढिगानं पडले हाय! कूलरचा पंप दुसरं काय करते? खालचं पाणी वर!"

विदर्भातल्या माणसाला हे सुचायला इतका वेळ लागावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. गजू पळत जाऊन खोक्यातला कोरा पंप घेऊन आला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, पाण्याला लागेल असं तांबं कुठे नाही याची खात्री केली, कारण तांबं समुद्रातल्या जिवांना विष, आणि म्हणाल्या, "चालेल. एका दिवसापुरता चालेल. लाव."

गजूने पंप पाण्यात सोडला, वायर हातात घेतली आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहत राहिला. गल्लीत लाईट नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. ढुम ढुम ढुम. आधी काचा थरथरल्या, मग आम्ही. वरात येत होती. पुढे नाचणारी पोरं, मधे घोड्यावर नवरदेव, आणि मागे डीजेची गाडी. गाडीच्या टपावर भिंतीएवढे स्पीकर आणि मागच्या बाजूला, धूर सोडत, धडधडत, जनरेटर.

आम्ही तिघांनी जनरेटरकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मागे वळून पाहिलं तर बाई जागेवर नव्हत्या.

बाई लोटा हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

डीजे थांबला. नाचणारे थांबले. नवऱ्याचा मामा पुढे आला. "बाई, बाजूले व्हा न, मुहूर्त टळून राह्यला!" बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या घोड्याकडे पाहत होत्या.

"अक्षय. खाली उतर."

नवरदेव शेरवानी, फेटा, मुंडावळ्यांसकट सरळ घोड्यावरून उतरला आणि हात बांधून उभा राहिला. बाईंच्या शेवटच्या वर्गांपैकी एकातला होता. बाई आल्या की उभं राहायचं, हे त्याच्या हाडात होतं.

"बाई, नमस्कार. बाई, लग्न हाय माहं."

"दिसून राह्यलं मले. जनरेटर पायजे. लाईट येईस्तोर."

"पण बाई, मुहूर्त..."

"मुहूर्ताचं तू सांगतं मले? प्रार्थनेले एक दिवस तरी वेळेवर आलता का?"

वरातीत हशा पिकला. नवरदेव लाजला. "आलतो न बाई. स्नेहसंमेलनाले."

"वरात जाऊ दे पुढं. गाडी इथी राहीन."

"पोट्टे नाचायचे राह्यले न बाई. डीजेशिवाय नाचतीन कसे?"

"हात नाही का तुमाले? टाळ्या वाजवा. ढोलवाला हाय. तू बाकावर दिवसभर वाजवत होता, तवा कुठी होता डीजे?" आणि मग एकदम बाईंचा आवाज खाली आला. "अक्षय, चार जीव आहेत रे आत. श्वास घेता येत नाही त्यांना."

नवरदेव ओसरीपर्यंत आला. आत येण्याआधी त्याने न सांगता कोपरापर्यंत हात धुतले, मेंदी लावलेले. टाकीत डोकावला. मग बाहेर जाऊन मामाला म्हणाला, "मामा, ढोल वाजवा." वरात निघाली. अख्खा रस्ता टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत, डीजेपेक्षा जास्त गोंगाट करत गेली.

डीजेवाला तेवढा अडून बसला. "मी महागावचा हाओ," तो म्हणाला, "मी काही या बाईचा विद्यार्थी नोय." बाई म्हणाल्या, "मग बाहेर बस." पण खिडकीतून वायर आत घेतली, गजूने जोडली आणि जनरेटर सुरू केल्यावर तोच सगळ्यांना ढकलून पुढे येऊन बघायला लागला.

पंपाने आधी नुसतं भुरभुर केलं. मग एक ढेकर दिली. आणि नळीतून पाणी उसळून वरून टाकीत कोसळायला लागलं, जाड, पांढरं, बुडबुड्यांनी भरलेलं. प्रमोदने स्वतःच्या घरचा कूलर उचलून आणला आणि त्याचा वारा टाकीच्या तोंडावर सोडला. पाण्यावर लाटा उठल्या. खऱ्या लाटा. घमेल्यातल्या मी पाहिल्या होत्या, त्यांच्यापेक्षा मोठ्या.

आम्ही काचेला नाक लावून बसलो. आधी मॉनिटर खाली गेली. तिच्यामागे तिचा नवरा. हळद्याने एक चक्कर मारली, मग दुसरी, आणि मधे मधे करायला लागला. सगळ्यात शेवटी गैरहजरने आमच्याकडे एकदा नापसंतीने पाहिलं आणि कपारीत घुसला. महागावचा डीजेवाला म्हणाला, "गेला!" आणि त्याचे डोळे भरून आले.

दिवस कलायच्या सुमारास लाइनमन खांबावरून उतरला आणि गल्लीत लाईट आली. वायर भिंतीच्या बोर्डाला लावली. डीजेवाला जनरेटर घेऊन लग्नाकडे निघाला, जाताना टाकीला हात जोडून. पाण्यातल्या थर्मामीटरचा काटा हवा तिथे येऊन थांबला होता. पंप चालू, कूलर चालू, मासे आपापल्या जागी. उद्या नवी मोटर येणार होती. आता काही करायचं उरलं नव्हतं.

आम्ही तिघं भिजलेले, खारट, सतरंजीवर पाय पसरून बसलो होतो. प्रमोदच्या दुकानाचं शटर दुपारपासून अर्धं होतं. गजूच्या घरून दोनदा फोन येऊन गेला होता. आता बाई "जा" म्हणतील, म्हणून आम्ही थांबलो होतो. बाईंनी जा म्हटल्याशिवाय उठायची आम्हाला सवय नाही.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. टाकीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आता पाळी कोणाची?"

गजू म्हणाला, "कायची, बाई?"

"धारेची."

"बाई, पंप चालू हाय न. हवा भरपूर जाऊन राह्यली. आता लोट्याचं काही काम..."

तो बोलता बोलता थांबला. बाई आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरून बसल्या होत्या. त्या बैठकीत एवढी माणसं एवढा वेळ मी तरी कधी पाहिली नव्हती.

"अजून भरवसा नाही," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ चालू द्या."

गजूने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्यातल्या काट्याकडे पाहिलं. तो जिथे हवा तिथेच होता. गजू उठला, त्याने लोटा घेतला, टाकीतून भरला, हात डोक्याच्या वर नेला आणि पंपाच्या जाड पांढऱ्या धारेशेजारी आपली बारीक धार सोडली. प्रमोदचा फोन वाजला. तो फोनमध्ये म्हणाला, "वर्गात हाओ," आणि त्याने फोन बंद करून खिशात ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "गजूनंतर मी का ढोके?"

"तू," बाई म्हणाल्या. "मग ढोके. मग परत गजानन."

मी सतरंजीवर जरा सरकून भिंतीला टेकलो. गजूने दुसरा लोटा भरला.

"सावकाश, गजानन," बाई म्हणाल्या. "घाई नाही आपल्याला."